दयाळ पक्ष्याचें नांव

काळ्यापांढऱ्या पिसांचा, शेपटी उभारून गाणारा दयाळ आपल्या परसांतील नित्याचा पाहुणा होय. त्याचें नांव ऐकून ‘दयाळू’ या विशेषणाची आठवण होणें साहजिक आहे. परंतु ‘दहियल’, ‘दोयेल’ हीं हिंदी-बंगाली नांवें शेजारीं ठेवलीं म्हणजे दयेचा हा संबंध केवळ कानाचा भास असावा, अशी शंका येते. आम्हीं स्वतः तो खरा मानून वर्गांत अनेकदां सांगितला आहे, हें कबूल केलें पाहिजे.

इंग्रजांनाही असाच भास झाला. त्यांनीं या पक्ष्याला ‘डायल’ म्हटलें. आणि डायल म्हणजे सावलीवरून वेळ दाखविणारी तबकडी. पुढें लिनियसनें १७५८ सालीं त्याचें शास्त्रीय नांव ठेवितांना ‘सौलारिस’ हा शब्द योजिला. त्यावर थॉमस जर्डन या पक्षिवेत्त्यानें १८६३ सालीं असा तर्क केला कीं, लिनियसच्या मनांत तबकडीवरून सुचलेला ‘सोलारिस’, म्हणजे ‘सूर्याचा’, हा शब्द होता. लेखणीच्या चुकीनें तो बिघडला.

तर्क सुबक होता, पण खरा नव्हता. एडवर्ड ब्लाइथनें दाखविलें कीं, हा शब्द लॅटिन नसून देशी आहे. मद्रासचा शस्त्रवैद्य एडवर्ड बल्कली यानें पेटिव्हरकडे हा पक्षी पाठविला, तेव्हां त्याचें ‘सौलारी’ हें येथील नांवही कळविलें होतें. १७१३ सालच्या जॉन रे यांच्या ग्रंथांत तें आलें. ‘शंभर गाणीं’ असा अर्थ ब्लाइथ त्याला देतो. नवल हें कीं, जर्डन हाही मद्रासकडच्याच नोकरींतला वैद्य!

हा प्रश्न आम्हांस व्युत्पत्तीहून अधिक नीतीचा वाटतो. न कळलेल्या शब्दास चूक म्हटलें कीं आपलें अज्ञान दुसऱ्याच्या खातीं मांडतां येतें; आणि तो दुसरा लिनियसप्रमाणें १७७८ सालींच वारलेला असला, तर उत्तराचीही भीति उरत नाहीं. शिवाय ज्या अनाम मद्रासवासीयानें तें नांव सांगितलें, त्याचा शब्द त्या तर्कांत पार बुडाला. शंका घेणें हा विद्वानाचा धर्मच आहे. ब्लाइथनेंही शंकाच घेतली. परंतु एकाची शंका मृताच्या लेखणीवर गेली, दुसऱ्याची रूढ समजुतीवर. अपरिचित शब्द भेटला असतां तो चुकला म्हणण्यापूर्वीं, आपणच कमी ऐकलें काय, हें पाहिलें पाहिजे. आम्ही तरी यापुढें दयाळाची दया वर्गांत सांगणार नाहीं.