आजारपणाचा खाडा

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका आजारी गृहस्थाला भेटण्यासाठी आम्ही गेलो होतो. एका लहानशा कारखान्यात तो रोजंदारीवर काम करीत असे. अंग तापाने फणफणत होते. तरीही दुसऱ्या दिवशीच्या पाळीचे कपडे त्याने उशाशी काढून ठेवले होते. ‘‘फादर, उद्या जायलाच हवं. तीन खाडे झाले. चौथा झाला तर मुकादम दुसरा माणूस घेईल,’’ तो म्हणाला. आम्ही प्रार्थना केली, विश्रांती घेण्याचा उपदेश केला आणि निघालो. वाटेत तो उपदेश आम्हालाच बोचू लागला. ज्याला विश्रांती परवडत नाही त्याला ती घेण्यास सांगणे म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगण्यासारखेच नव्हे काय?

आजारपणाची रजा ही मालकाची मेहेरबानी की कामगाराचा हक्क? ‘काम नाही तर दाम नाही’ हे सूत्र आपण सहज उच्चारतो. जो काम टाळतो त्याला ते लागू पडेल. परंतु ज्याला काम करवत नाही त्याला तोच न्याय लावणे म्हणजे माणूस आणि त्याचे श्रम एकच मानणे होय. कामगार आपले श्रम देतो, स्वतःला विकत नाही.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात एका मिसरी दासाची हकीकत आहे. तो आजारी पडला म्हणून त्याच्या अमालेकी धन्याने त्याला वाटेतच टाकून दिले. तीन दिवस त्याच्या पोटात अन्नपाणी नव्हते. दावीदाच्या माणसांनी त्याला आधी खाऊपिऊ घातले, मग तो कोणाचा कोण हे दावीदाने विचारले. तो धनी क्रूर होता असे तेथे म्हटलेले नाही. कदाचित तो केवळ घाईत असेल. आजच्या अनेक मालकांचेही तेच आहे.

समाजाने या घाईला काही प्रमाणात लगाम घातला आहे. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ साली झाला आणि १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे ती योजना सुरू झाली. आजारी कामगाराला वेतनाच्या सुमारे ७० टक्के रक्कम वर्षातून ९१ दिवसांपर्यंत देण्याची सोय तिच्यात झाली. ही भीक नव्हे. मालक आणि कामगार या दोघांच्या वर्गणीतून ती उभी राहते. पोप जॉन पॉल दुसरे यांनीही १९८१ सालच्या ‘लाबोरेम एक्सर्चेन्स’ या परिपत्रकात वैद्यकीय मदत आणि विश्रांती यांची गणना श्रमिकांच्या हक्कांत केली. मात्र ज्याचे नाव हजेरीपटावर धड चढलेलेच नाही, त्याच्या दारापर्यंत हे हक्क क्वचितच पोहोचतात.

येथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. लग्नसराईत डॉक्टरचा खोटा दाखला आणून ‘आजारी’ पडणारे आपल्यातही आहेत. त्यांना वाटते, आपण मालकाचे दोन दिवस घेतले. वास्तविक ते चोरतात तो उद्या खरोखर अंथरुणाला खिळणाऱ्या सोबत्यावरचा विश्वास. हक्क कायद्याने मिळतो, पण तो टिकतो सचोटीने.

आणि मालक म्हणजे केवळ कारखानदारच काय? आपल्या घरी धुण्याभांड्यांना येणारी बाई चार दिवस तापाने आली नाही, तर महिनाअखेरीस आपण काय करतो? त्या गृहस्थाच्या घरून परतल्यावर आम्ही चर्चच्या हिशेबाची वही उघडली. आमच्या माळ्याला मलेरिया झाला होता, त्या सहा दिवसांपुढे ‘खाडा’ असे लिहून पैसे कापले होते. खाली सही आमचीच होती. ती रक्कम आम्ही त्याला परत केली. रक्कम फार मोठी नव्हती, आणि म्हणूनच अधिक लाज वाटली.