भुकेचा धातू



‘भूक’ हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो, पण त्याचे कूळ विचारीत नाही. संस्कृतात ‘भुज्’ हा धातू आहे. भोजन, भोग, भोक्ता ही त्याचीच लेकरे. त्याचे इच्छारूप ‘बुभुक्षा’, म्हणजे खाण्याची इच्छा. प्राकृतात तिची ‘भुक्खा’ झाली आणि मराठीत ‘भूक’. ‘मुमुक्षा’ हा शब्दही याच घडणीचा. त्याचा अर्थ सुटण्याची इच्छा.

तरुणपणी कीर्तनात मी या जोडीवर फार रंगत असे. १९७२ च्या दुष्काळात सांगोल्याकडे, दिवसभर खडी फोडून आलेल्या माणसांपुढे उभा राहून मी सांगितले, ‘बुभुक्षा सोडा, मुमुक्षा धरा.’ कीर्तन आटोपल्यावर एक म्हातारी पाया पडायला आली. ‘महाराज, जेवलासा का?’ म्हणाली, आणि पदरातली मिलोची अर्धी भाकरी पुढे केली. मी ती तिथेच बसून खाल्ली. त्या रात्री तिच्याजवळ दुसरे काही नव्हते, हे मला मागाहून कळले.

व्याकरण मी गुरूंकडे शिकलो होतो. त्याचा अर्थ तेव्हा लागला. धातुपाठात ‘भुज्’चे अर्थ दोन आहेत, पालन करणे आणि खाणे. पाणिनीच्या नियमाने खाणे असेल तेव्हा धातू आत्मनेपदी चालतो, ‘भुङ्क्ते’. पालन असेल तेव्हा परस्मैपदी, ‘भुनक्ति’. आत्मनेपद म्हणजे स्वतःसाठीचे पद, परस्मैपद म्हणजे दुसऱ्यासाठीचे. मी भाकरी खाल्ली ते आत्मनेपद. तिने दिली ते परस्मैपद. उपदेश मी केला होता, आचरण तिचे होते.

मग भुकेल्याला परमार्थ सांगूच नये काय? सांगावा, पण पान वाढून झाल्यावर. एकादशीची भूक आपण आपल्या खुशीने घेतो आणि तिचे पारणे द्वादशीला ठरलेले असते. दुष्काळाची भूक कोणी मागून घेत नाही. तिचे पारणे शेजाऱ्याच्या हाती असते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारे उघडली, असे परंपरा सांगते. त्यांनी भुकेल्यांना आधी वैराग्य शिकवले नाही.

म्हणून वारीत पंगतीला बसाल तेव्हा घास उचलण्याआधी उजवी-डावीकडे पाहा. शेजारची पत्रावळ रिकामी असेल, तर आपला घास थांबवा आणि वाढप्याला हाक मारा. त्या म्हातारीचे नावही मी विचारले नव्हते. तिची अर्धी भाकरी अजून माझ्या अंगावर आहे.