कात आणि कूज

मांजरेकाठच्या एका गावातले दोघे भाऊ. थोरला नांदेडला नोकरीला, धाकट्याचं लातुरात गंजगोलाईजवळ दुकान. समुद्र दोघांपासून शेकडो किलोमीटर लांब, तरी दोघांच्याही घरी खाऱ्या पाण्याची टाकी होती आणि तिच्यात प्रवाळ वाढत होतं. रीफ बांधणारी कठीण प्रवाळं 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती समुद्रातून काढणं, विकणं गुन्हा आहे. म्हणून दोघांनी मऊ अंगाचीच ठेवली होती. त्यातलं लेदर कोरल धाकट्याचं विशेष लाडकं. जाड देठ, वर अळंबीच्या आकाराची छत्री आणि त्या छत्रीवर शेकडो इवली तोंडं फुललेली.

एका सकाळी ती सगळी तोंडं मिटलेली दिसली. अंगावर मेणासारखा चकचकीत पापुद्रा आला होता. धाकट्याच्या पोटात गोळा आला. प्रवाळाचं मांस एका रात्रीत गळून पडतं, एकाचं बघून शेजारचंही जातं, हे त्याने ऐकलेलं होतं.

दुपारपर्यंत त्याने बरंच काही केलं. दोनशे लिटरच्या टाकीतलं निम्मं पाणी काढलं. आरओचं एवढं पाणी साठवायला दोन दिवस लागले असते, म्हणून बोअरच्या जड पाण्यातच मीठ कालवलं आणि ओतलं. क्षारता वाढवायची पावडर अंदाजाने टाकली. आयोडीन टाकलं. माशांच्या दुकानातून एक निळं औषध आणलं, तेही टाकलं. त्या औषधात तांबं होतं. तांब्याने माशांवरचे परजीवी मरतात खरे, पण बिनकण्याच्या जिवांनाही ते सोसत नाही, आणि प्रवाळ हा बिनकण्याचाच जीव.

रात्री पाणी गढूळ झालं. लेदर कोरल मरताना स्वतःच्या अंगातलं विष पाण्यात सोडतं. त्याने शेजारची प्रवाळंही गेली. सकाळी टाकीभर कुजका वास होता.

थोरला रविवारी आला, गावाकडून वडीलही आले. थोरल्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पापुद्र्याखालचं अंग कसं होतं? घट्ट का पिळपिळीत?"

"घट्ट होतं, दादा."

"वास?"

"तेव्हा नव्हता."

थोरला थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग त्याने सांगितलं, की लेदर कोरल अधूनमधून कात टाकतं. चार-आठ दिवस मिटून बसतं, अंगावर बसलेली घाण आणि शेवाळ त्या पापुद्र्याबरोबर सोडून देतं आणि पुन्हा फुलतं. पाण्याचा प्रवाह जरा वाढवला तर पापुद्रा लवकर सुटतो. बाकी काही करावं लागत नाही.

धाकटा खाली मान घालून बसला. वडिलांनी आयुष्यभर सोयाबीन केलेलं. ते म्हणाले, "पाऊस लागून राहिला, की आपल्या चुनखडीच्या रानात सोयाबीन पिवळं पडतंच. वाफसा आला की आपोआप हिरवं होतं. पण घाबरलेला माणूस तीन औषधं एकाच पंपात कालवून मारतो, पानं करपतात, आणि मग म्हणतो रोग लई जबर होता. आधी काय झालंय ते बघावं, बाबा. मग एकच गोष्ट करावी, आणि तिचा गुण येईस्तोवर हात आवरावा."

मला ही गोष्ट सांगावीशी वाटते ती वडिलांच्या या बोलण्यासाठी. जिवावर माया असते म्हणूनच माणूस घाई करतो. पण त्या जिवाला घाई सोसत नाही. समुद्राचं पाणी एका रात्रीत निम्मं बदलत नाही, त्याचा खारटपणा आणि क्षारता एका दिवसात उड्या मारत नाहीत. लाखो वर्षं तशाच पाण्यात वाढलेल्या अंगाला थोडं चुकीचं पण स्थिर पाणी चालून जातं, एकदम बदललेलं पाणी मात्र मारतं. पांढरं पडलेलं प्रवाळसुद्धा मेलेलंच असतं असं नाही. 1998, 2010 आणि 2016 साली लक्षद्वीपचा समुद्र तापला, तेव्हा तिथली प्रवाळं पांढरी पडली, म्हणजे त्यांच्या अंगात राहून त्यांना अन्न पुरवणारं सूक्ष्म शेवाळ निघून गेलं. पण पाणी लवकर निवलं तर अशी प्रवाळं सावरू शकतात, कारण मांस जागेवर असतं. मांसच सुटून खालचा सांगाडा उघडा पडला, तर गेलेला भाग परत येत नाही. तिथे उरलेलं वाचवायचं असतं.

धाकट्याने टाकी रिकामी केली, धुतली, आणि कित्येक महिने तिच्यात नुसतं पाणी, दगड आणि दिवा ठेवला. थोरल्याने आपल्या लेदर कोरलचा एक तुकडा दिला तो त्यानंतरच.

पुढच्या मे महिन्यात खरी कूज आली. दुपारची वीज गेली, पंप थांबला, पाणी बत्तीस अंशांवर गेलं. दुसऱ्या दिवशी देठाच्या बुडाशी काळपट डाग होता. बोट लावताच मांस सुटलं, आणि वास आला.

या वेळी त्याने आधी टाकीचंच पाणी एका बादलीत घेतलं. प्रवाळ तिच्यात काढून डागाच्या वर, निरोगी मांसात, धारदार पात्याने कापलं. डागाला लागून असलेलं चांगलं मांसही थोडं जाऊ दिलं, कारण कूज दिसते त्याच्या पुढे पोचलेली असते. वरचा तुकडा वेगळ्या भांड्यात आयोडीनच्या पाण्यात थोडा वेळ बुडवला, ते पाणी फेकून दिलं. टाकीतला गळलेला चिकट भाग नळीने ओढून घेतला आणि तेवढंच, दहावा हिस्सा पाणी बदललं. ते आरओचं होतं, आदल्या रात्री मीठ कालवून ठेवलेलं, टाकीइतकंच खारट, टाकीइतकंच कोमट. विष शोषायला कोळशाची पिशवी सोडली. पाण्यावर पंखा लावला, म्हणजे उष्मा हळूहळू उतरेल. बर्फ टाकला नाही.

रात्री थोरल्याचा फोन आला. "आणखी काय टाकलंस?"

"काही नाही."

"टाकावंसं वाटतंय?"

"लई वाटतंय, दादा."

"वाटू दे. पाणी तपास, लिहून ठेव, आणि झोप."

निम्म्याहून जास्त प्रवाळ गेलं. शेजारी नंतर ठेवलेली प्रवाळं मात्र सगळी राहिली. कापलेला तुकडा त्याने जाळीच्या कापडाने दगडाला सैल बांधला होता. काही आठवड्यांनी जाळी सोडली, तेव्हा तुकड्याने दगड धरलेला होता.