फसलेल्याचा गुन्हा कोणता?

शेजाऱ्याच्या घरी चोरी झाली की आपण धीर द्यायला धावतो. तोच शेजारी गुंतवणुकीत फसला की म्हणतो, 'हाव नडली!'

बंगळुरूची आयएमए कंपनी जून २०१९ मध्ये बंद पडली. बँकेचे व्याज नको, हलाल नफा हवा, म्हणून हजारो मुस्लिम कुटुंबांनी तिथे आयुष्याची पुंजी ठेवली होती. त्यांत हाव अजिबात नव्हती, असे आम्ही म्हणत नाही. पण दोष विश्वास ठेवणाऱ्याचा मोठा, की विश्वासाचा व्यापार मांडणाऱ्याचा?

फसलेल्याला मूर्ख ठरवले की आपण शहाणे असल्याचे समाधान मिळते. तो मात्र लाजेने गप्प बसतो, तक्रारही करीत नाही. त्याचे हे मौनच पुढच्या ठगाचे भांडवल होते. ते भांडवल आपणच पुरवतो, हे आपण कधी कबूल करणार?