मोळी उचलल्यावरची अंघोळ

'श्यामची आई'मध्ये मोळीची गोष्ट आहे. एका म्हाताऱ्या महारणीच्या डोक्यावरची मोळी खाली पडते आणि उचलून द्यायला कुणी पुढं होत नाही. आई श्यामला म्हणते, जा, तिला हात दे आणि घरी येऊन अंघोळ कर. आमच्या मुखेडकडं शाळेत ही गोष्ट सांगताना बहुतेकजण मोळीपाशीच थांबतात. अंघोळ गाळतात. लेकरांच्या डोक्यात नको ते कशाला, हा हेतू चांगलाच. मला मात्र त्या गोष्टीत सगळ्यात खरी वाटते ती अंघोळच.

साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. दिवस मात्र त्यांच्या लहानपणाचे, कोकणातल्या पालगडचे. त्या घरात माया आणि विटाळ एकाच चुलीपाशी नांदत होते. आईला मोठं करायचं म्हणून विटाळ झाकून टाकणं काही अवघड नव्हतं; गुरुजींनी तो झाकला नाही. मार्क ट्वेनचा हकलबरी फिन गुलामीतून पळालेल्या जिमला साथ देतो, तेव्हा आपण नरकात जाणार असं त्या पोराला खरोखर वाटत असतं. श्यामचं पाप घागरभर पाण्यात धुऊन निघतं. हक त्याच्या समाजाला मुकतो, श्याम आईचा लाडकाच राहतो. त्या पाण्यातून बाहेर यायला गुरुजींना बरीच वर्षं लागली. मे 1947 मध्ये विठ्ठलाचं देऊळ सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून ते पंढरपुरात उपोषणाला बसले.

माझी अडचण वेगळीच आहे. दोन्हीकडं निरागस मूल वरच्या बाजूचं. जिम काय, म्हातारी काय, त्याच्या चांगुलपणाची परीक्षा घ्यायला येतात. म्हातारीला नातू असेल, तर त्याचं लहानपण कसं होतं?

अशी लहानपणं मराठीत ठळकपणे यायला सत्तरचं दशक सरत आलं. त्यातलं एक आमच्या शेजारचं. उदगीर भागातले प्र. ई. सोनकांबळे आईबापाविना, बहिणीच्या आसऱ्यानं वाढले. त्यांचं 'आठवणींचे पक्षी' 1979 मध्ये आलं. ती कादंबरी नव्हे, आठवणी आहेत. त्यातल्या पोराला निरागस राहायची सवडच नाही. कुणाच्या दारात किती लांब उभं राहायचं हे अशा पोराला पाढ्यांच्या आधी पाठ करावं लागतं. तिथली बोली आमच्या घरातली आहे. तरी शाळेच्या गोष्टीच्या तासाला हे पुस्तक कुणी काढलेलं मी अजून ऐकलं नाही.