मान खाली

माणसानं आयुष्यात तिघांपुढे मान खाली घालावी, असं आमचे वडील म्हणत. देव, गुरुजी आणि न्हावी. पहिल्या दोघांपुढे नाही घातली तरी निभावतं. तिसऱ्यापुढे आयत्या वेळी वर केली तर कान जातो.

आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, घाटाखाली, खामगावपासून आठ-दहा मैलांवर. तिथल्या न्हावीमामांच्या दोन गुडघ्यांमध्ये माझं डोकं बालपणी महिन्यातून एकदा नियमानं अडकलेलं असे. "हालू नको ना रे पोट्ट्या, कान कापला जाईन!" हा मंत्र मी रामरक्षेच्या आधी शिकलो. मामांना माझ्या डोक्याची खडान् खडा माहिती. डोक्यावरचे दोन भोवरे पाहून त्यांनी "याले दोन बायका" असं जाहीर भाकीत केलं होतं. ते खोटं ठरलं, याचं सगळं श्रेय पहिलीला आहे.

हे सारं आठवायला मला इंग्लंड गाठावं लागलं. लेकीकडे सहा महिने राहायला गेलो होतो. तिसऱ्या महिन्यात डोकं कडब्याच्या गंजीसारखं दिसायला लागलं, तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, आता कापा, नाहीतर शेजारी पोलिसांना बोलावतील." केस कापायला पंधरा पौंड पडतात हे ऐकून मी मनातल्या मनात रुपये केले. (ही खोड विमानतळावर काढून घेत नाहीत.) तेवढ्यात गावाकडे वर्षभर कटिंग होऊन वर मामांना चहा पाजता आला असता.

दुकान एका तुर्की माणसाचं होतं. तिकडे अशी दुकानं गल्लोगल्ली आहेत. दारात लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा खांब. त्यातला लाल पट्टा म्हणजे रक्त; कारण पूर्वी तिकडचे न्हावी रुग्णाच्या नसा कापून रक्तही काढत. इंग्लंडात १५४० पासून १७४५ पर्यंत न्हावी आणि शस्त्रवैद्य यांचा संघ एकच होता. ही माहिती मी खुर्चीत बसण्याआधी वाचायला नको होती.

"नंबर टू?" त्यानं विचारलं.

आता, आमच्याकडे दोन नंबर म्हणजे एक तर शाळकरी मुलाची निकड, नाहीतर व्यापाऱ्याची कमाई. मी गोंधळून म्हणालो, "नो नो, घरून जाऊन आलो." पुढे कळलं की तो मशीनचा नंबर विचारत होता. मग त्यानं काडीला गुंडाळलेला कापूस स्पिरिटमध्ये बुडवून पेटवला आणि तो पलिता माझ्या कानांवर फटाफट मारला. कानावरचे केस जाळायची ही त्यांची रीत. आमच्या शाळेत कान उपटत असत. जाळण्यापर्यंत मजल गेली नव्हती.

काम मात्र सुरेख केलं. पण उठताना मन खट्टू झालं. अर्धा तास या माणसाच्या हातात माझी मान होती. त्यानं माझे दोन्ही भोवरे पाहिले, त्यांवरून मशीन फिरवलं, पण एक अक्षर बोलला नाही. कुठले? कोणाचे? पाऊसपाणी काय म्हणतं? काही नाही. वाटलं, ज्याच्या हातात वस्तरा आणि समोर आपला गळा, त्यानं निदान आडनाव तरी विचारावं!

'आडनाव' या शब्दापाशी मात्र माझी गाडी अडली.

शाळेत माझ्या बाकावर एक मित्र बसायचा. त्याचे केस नेहमी माझ्यापेक्षा चांगले कापलेले असत. मला त्याचा हेवा वाटे, कारण तो कटिंगसाठी थेट खामगावला जायचा. एकदा मी घरी हट्ट धरला, "मलेबी खामगावले कटिंग पाहिजे." आईनं नुसतं डोळ्यांनी गप्प केलं. तो चैनीसाठी जात नव्हता. मामा त्याच्या डोक्याला हात लावत नव्हते. हे आहे १९७० नंतरचं. अस्पृश्यता संविधानानं १९५० मध्येच मोडीत काढली होती. ती बातमी खामगावपर्यंत आली असावी. पुढचे आठ-दहा मैल तिला एसटी मिळाली नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बालपणाबद्दल लिहून ठेवलंय की, साताऱ्यात घरातल्या मुलांचे केस त्यांची थोरली बहीण कापायची. गावात न्हावी नव्हते म्हणून नव्हे, पैसे नव्हते म्हणूनही नव्हे. कोणी हात लावायला तयार नव्हता म्हणून. पुढे १९४८ साली संविधान सभेत, दुकानं सर्वांना खुली या कलमावर चर्चा चालली असताना, 'दुकान' म्हणजे नेमकं काय असा प्रश्न निघाला. सेवा देणारा कोणीही त्यात येतो, असं उत्तर बाबासाहेबांनी दिलं. ते कलम वाचताना मला ती कात्री धरलेली बहीण दिसते.

मग दोष मामांचा का? थोडा मोठा झाल्यावर मी त्यांना एकदा विचारलं होतं. वस्तरा चामड्यावर घासत ते म्हणाले, "बापू, म्या त्याच्या डोक्याले हात लावला, तर उद्या तुह्या बापाच्या दाढीले कोन हात लावू देईन मले? सुगीले पायल्या कोन देईन?" म्हणजे कात्री मामांची, पण ती अडवणारा हात आमच्या ओसरीवरचा होता. मामांना तरी 'नाही' म्हणता येत नव्हतं का? येतं. याच व्यवसायातल्या मंडळींनी १८९० मध्ये मुंबईत, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं, विधवांचं केशवपन करायला नकार दिला होता. एक नकार माणसाची लाज राखतो आणि दुसरा ती काढतो; वस्तरा दोन्हीकडे तोच. पण मामांना सोपं नव्हतं, हे खरं. आम्हाला सोपं होतं. वडिलांनी ओसरीवरून एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलले नाहीत. मी विचारलं, उत्तर ऐकलं, आणि मान खाली घालून उरलेली कटिंग करून घेतली.

इंग्लंडातून त्या मित्राला फोन केला. तो आता निवृत्त हेडमास्तर आहे. मशीनचा नंबर, कानाला लावलेली आग, सगळं रंगवून सांगितलं. पोट धरून हसला. मग मी माझं दुःख सांगितलं, "अरे, अर्धा तास मान धरून बसला, पण कोण, कुठला, काही विचारलंच नाही लेकाच्यानं!"

पलीकडे क्षणभर आवाज नव्हता. मग तो म्हणाला, "बरं वाटलं असंन ना? मले खामगावात पयल्यांदा लय बरं वाटलं होतं."

एवढंच बोलून त्यानं नातवंडांची चौकशी सुरू केली. माझं लक्ष नव्हतं. माझी मान खाली गेली होती, आणि या वेळी घाला म्हणून सांगायला जवळ न्हावी नव्हता.