उमरठचा चिरंजीव

दिवाळीच्या चार दिवसांत आपण दोन चिरंजीवांची आठवण काढतो. पाडव्याला बळीराजाची, हे घरोघरी ठाऊक आहे. आया-बहिणी ओवाळताना ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणतात. दुसरा चिरंजीव अश्वत्थामा. त्याची दिवाळी आपल्या कोकणात कुणी पाळत नाही, पण सातपुड्यात पाळतात. नंदुरबार जिल्ह्यात अस्तंबा नावाचे उंच शिखर आहे. तिथे अश्वत्थामा राहतो अशी श्रद्धा आहे. धनत्रयोदशीच्या सुमाराला तिथे यात्रा भरते आणि आदिवासी भाविक जत्थ्या-जत्थ्याने तो डोंगर चढून जातात. कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा हा माणूस कधीतरी वाटेत भेटतो, वाट चुकलेल्याला मार्गी लावतो, असे तिकडचे लोक सांगतात.

न मरणाऱ्या माणसाने युगामागून युगे ओलांडत केलेली भ्रमंती जगभरच्या कथाकारांना भुरळ घालत आली आहे. आपल्याकडे तर एक सोडून सात चिरंजीव आहेत. वाढदिवसाला त्यांचे स्मरण करायचे, आठवा मार्कंडेय धरायचा, ही चाल अजून काही घरांत आहे. पण या सातांच्या कथा नीट वाचल्या तर एक गोष्ट लक्षात येते. अमर झाल्यानंतर त्यांच्या आयुष्यात फारसे काही घडतच नाही. बळी पाताळात थांबला आहे. परशुराम महेंद्र पर्वतावर तप करतो. अश्वत्थामा हिंडतो खरा, पण ते हिंडणे ही शिक्षा आहे. महाभारताच्या सौप्तिक पर्वात कृष्णाने त्याला दिलेल्या शापाला मुदतही आहे: तीन हजार वर्षे. त्या तीन हजारांची अनंत वर्षे लोकांनी केली. जोनाथन स्विफ्टने १७२६ साली ‘गलिव्हर’मध्ये न मरणारी माणसे रंगवली. तीही म्हातारी होत जातात, भाषा बदलते, त्यांचे बोलणे कुणाला कळेनासे होते. नुसते जिवंत राहणे म्हणजे पराक्रम नव्हे, हे स्विफ्टलाही कळले होते आणि व्यासांनाही.

आपल्याकडे एका माणसाने या चिरंजीवपणाची सरळ परीक्षा घेतली. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त परशुरामाच्या नावे नोटीस काढली आहे. नोटिशीवर तारीख १८७२ सालच्या ऑगस्टची, पुस्तक प्रसिद्ध झाले १८७३ साली. तू चिरंजीव आहेस असे सांगतात, तर सहा महिन्यांच्या आत हजर हो, असा तिचा मथितार्थ. कोकणची भूमी समुद्र हटवून ज्याने मिळवली असे आपण लहानपणापासून ऐकतो, त्यालाच ही मुदत. परशुराम आला नाही. पण त्याच पुस्तकात फुल्यांनी बळीला मात्र पाताळातून वर आणले, त्याला कष्टकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून उभे केले आणि आज शेतकऱ्याला ‘बळीराजा’ म्हणताना आपण नकळत त्याच वाटेने चालत असतो. एक चिरंजीव बोलावूनही आला नाही, दुसरा न बोलावता घरोघरी पोचला. मला वाटते, युगे ओलांडण्याची ताकद चिरंजीवाच्या अंगात नसते. ती त्याला बोलावणाऱ्या लोकांच्या गरजेत असते.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर सातांपैकी कुणी नाही. पोलादपुरातून कापड्याला आले की तिथून पुढे उमरठ. डोंगराच्या कुशीतले हे गाव तानाजी मालुसऱ्यांचे. तानाजी ४ फेब्रुवारी १६७० रोजी सिंहगडावर पडले. मढेघाटाने त्यांचा देह खाली आणला, म्हणून घाटाला ते नाव, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. उमरठला त्यांची समाधी आहे, सिंहगडावरही आहे. आणि या मेलेल्या माणसाने गेल्या साडेतीनशे वर्षांत जेवढ्या युगांत पराक्रम केले, तेवढे सातही चिरंजीवांनी मिळून केले नाहीत.

सुरुवात कुठून झाली ते पाहण्यासारखे आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या काळात, जिंजीला, बखर लिहिली. घटनेनंतर पुरती तीस वर्षेही झाली नव्हती. त्याच्या बखरीत तानाजी मावळ्यांचा हजारी आहे. तो पाचशे माणसे घेतो. दोन निवडक मावळे रात्री कड्यावर पाठवतो. ते दोघे वानरासारखे चढून जातात, वर माळ, म्हणजे दोराची शिडी, लावतात आणि मग बाकीचे चढतात. घोरपड नाही. मुलगा रायबाचे लग्न नाही. गडाचा किल्लेदार उदेभान याच्याशी झुंजताना तानाजीच्या हातातली ढाल तुटते, दुसरी वेळेवर मिळत नाही, म्हणून तो डाव्या हाताचीच ढाल करून वार झेलतो आणि दोघेही ठार होतात. मग त्याचा भाऊ सूर्याजी हिंमत धरून माणसे सावरतो आणि गड घेतो. वेळेवर न मिळालेली ती दुसरी ढाल मला कुठल्याही अद्भुत प्रसंगापेक्षा जास्त हलवून सोडते. ऐन रणात अशीच एखादी गोष्ट कमी पडते आणि माणूस हातात जे आहे त्यानिशी उभा राहतो.

पुढे शाहीर तुळशीदासाचा पोवाडा आला आणि तानाजीच्या अंगावर पहिला साज चढला. मुलाच्या लग्नाचे आमंत्रण घेऊन निघालेला बाप आला, ऐंशी वर्षांचा शेलारमामा आला, दोर लावून कडा चढणारी यशवंती घोरपड आली. इतिहासकारांनी घोरपड मानली नाही, ते त्यांचे कामच आहे. पण शाहिरापुढे बसलेला शेतकरी गडी होता. त्याला घरातले कार्य बाजूला ठेवून धन्याच्या कामाला जाणे म्हणजे काय हे कळत होते. रायबाचे लग्न त्याच्यासाठी जन्माला आले.

मग छापखान्याचे युग. हरी नारायण आपट्यांनी ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी लिहिली आणि ते वाक्य इतके रुजले की गडाचे नावच त्या रात्री पडले असे सगळे समजू लागले. प्रत्यक्षात सिंहगड हे नाव त्याआधीच्या पत्रांत सापडते. १९२३ साली कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी याच कथेवर ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. त्यात शेलारमामाचे काम केले तरुण व्ही. शांतारामांनी. दहा वर्षांनी, १९३३ मध्ये, त्याच शांतारामांनी प्रभातसाठी ‘सिंहगड’ बोलपट दिग्दर्शित केला. पारतंत्र्यातल्या प्रेक्षकाला त्या पडद्यावर काय दिसत असेल हे सांगायला नको. आणि जानेवारी २०२० मध्ये ओम राऊतांच्या हिंदी चित्रपटात तानाजी देशभर पोचले. संगणकाने उभे केलेले कडे होते, तोफ होती, आणि शत्रूही त्या काळाला हवा तसा रंगवलेला होता.

देवळातला मारुती जवळून पाहा. शेंदूर तेलात कालवून दरवेळी वर नवा लेप चढतो. शंभर वर्षांत नाक-डोळे बुजतात, मग वरून चांदीचे डोळे बसवतात. २०२२ साली वणीच्या सप्तशृंगीचा जाड लेप उतरवला तेव्हा खालचे मूळ रूप पाहून भाविकांच्या डोळ्यांत पाणी आले. लेप चढवणाऱ्या कुणाचाही हेतू वाईट नव्हता. प्रत्येकाने आपल्या भक्तीने, आपल्या ऐपतीने एक थर दिला. तानाजींचेही तेच झाले. शाहिराने दिलेला थर मायेचा होता, आपट्यांचा देशप्रेमाचा. अलीकडचे काही थर मला खुपतात, कारण त्यांत माणूस कमी आणि ललकारी जास्त आहे. ज्याच्या हातातली ढाल तुटली त्याला कधीच काही कमी पडले नाही असे दाखवले, की त्याचा पराक्रम लहान होतो.

या थरांखाली आणखी कोणीतरी दबले आहे. सभासदाचे ते दोन मावळे. सगळ्यांत आधी, अंधारात, माळेशिवाय चढले ते हे दोघे. सभासदाने त्यांची नावे दिली नाहीत आणि पुढच्या काळात तर त्यांची जागाच घोरपडीने घेतली. एकाला अमरत्व मिळते तेव्हा त्याच्या भोवतीची माणसे पुसली जातात, हे चिरंजीवांच्या बाबतीत फार क्वचित बोलले जाते. कडा चढणे हे या भागात रोजचे काम होते. गवताचा भारा घेऊन, गुरांमागे, मधासाठी माणसे असे कडे चढत-उतरत. घोरपड हवी वाटली ती कडा न पाहिलेल्या ऐकणाऱ्यांना. ज्यांनी पाहिला होता त्यांना दोन माणसे पुरेशी होती.

तीच माणसे, त्यांचेच वंशज, आजही याच उतारांवर राहतात. घरटी एकजण मुंबईला, शिमग्याला पालखी खांद्यावर घ्यायला परत येतो. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातले तळिये आणि पोलादपुरातली साखर-सुतारवाडी, केवनाळे इथे डोंगर घरांवर आला. त्या दिवशी गेलेल्यांवर कुणी पोवाडा रचणार नाही. मावळ्यांच्या नावाने छाती फुगवणाऱ्या आपल्यासारख्यांनी, त्या मावळ्यांच्या वाड्या सुरक्षित जागी कधी हलणार, हा प्रश्न विचारायला हवा. तानाजींचा वारसा सांगायचा तर तो इथेही सांगावा लागेल.

या दिवाळीत तुमच्या अंगणात, गॅलरीत, सोसायटीच्या कोपऱ्यात मुले मातीचा किल्ला करतील. मोहरी-हळीव पेरतील, मावळे मांडतील. सिंहगड केला तर कड्यावर घोरपड लावायला हरकत नाही, तुळशीदासाची ती देणगी आहे. पण तिच्या शेजारी दोन मावळेही चढताना ठेवा आणि मुलांना सांगा की लिहून ठेवलेल्या जुन्या हकिकतीत हे दोघेच आहेत. तुटलेल्या ढालीचेही सांगा. आणि माघ वद्य नवमीला तानाजींची पुण्यतिथी असते, तेव्हा जमले तर मुलांना घेऊन कापड्यावरून उमरठला या.